गेममधला कुठला व्हिलन तुमच्या डोक्यातून अजून गेला नाही, आणि का?

मल्हारगंज

रविवारी सकाळी पोहे खाता खाता पुतण्याने विचारलं, काका तुझा सगळ्यात भारी व्हिलन कोण. तो अकरावीत आहे, त्याची स्वतःची लांबलचक यादी आहे, सेफिरॉथ, वास, हँडसम जॅक वगैरे, आणि मी म्हटलं रेझर. तो म्हणे कोण रेझर? अरे नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेडमधला. तर म्हणाला, काका त्याला काही स्टोरीच नाहीये, तो नुसता गुंड आहे, व्हिलन कॉम्प्लेक्स पाहिजे. मला पटकन उत्तर देता आलं नाही आणि दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय म्हणून हा धागा काढतोय.

२००६ ची गोष्ट, मी नववीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली एक सायबर कॅफे होता, सहा कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये, कीबोर्डवरची अप ॲरोची खूण पार पुसलेली. गेम सुरू झाला की लगेच तुमच्या हातात ती बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर येते, चंदेरी, अंगावर निळे पट्टे. ज्यांनी चालवलीय त्यांना तिच्या गिअरचा तो शिट्टीसारखा आवाज आठवत असेल. मग रेझरशी रेस लागते, गाडीच्या बदल्यात गाडी, आणि रेस चालू असताना इंजिन दम तोडतं. गाडीत आधीच काहीतरी करून ठेवलेलं असतं. मी अप दाबून धरलंय, नख पांढरं पडलंय आणि गाडी काही पुढे सरकत नाहीये, बाजूच्या कॉम्प्युटरवरचा मुलगा म्हणतोय अरे दाब ना, दाब ना. पोलीस धरून नेतात, सुटून बाहेर येता तर गाडी रेझरकडे. तुम्ही उरलेल्या पैशात साधी गाडी घ्यायची, मी फियाट पुंटो घेतली, आणि पंधरा जणांची ब्लॅकलिस्ट खालून वर चढत जायची, सगळ्यात वर तो बसलाय तुमच्याच गाडीत.

पंधरा पंधरा रुपयांनी मी चौथ्या नंबरापर्यंत पोचलो आणि एक दिवस गेलो तर कुणीतरी माझ्या साठवलेल्या गेमवर, म्हणजे सेव्हवर, नवा गेम सुरू केलेला. कॅफेवाले म्हणाले आम्ही काय करणार. मग परत पहिल्यापासून. पण आता मला माहीत होतं की ती गाडी जाणार आहे, म्हणून रेसच्या आधी थ्री टू वन चालू असताना मी नुसता ॲक्सिलरेटर दाबून तो आवाज ऐकत राहिलो आणि तेवढ्यात सगळे पुढे निघून गेले.

तर माझा मुद्दा असा की सिनेमातला व्हिलन हिरोचं काहीतरी बिघडवतो आणि आपण खुर्चीत बसून बघतो, गेममधला व्हिलन आपल्या हातातून काढून घेतो. फायनल फँटसी ७ चा सेफिरॉथ १९९७ पासून लोकांच्या लक्षात आहे तो लांब तलवारीमुळे की आईच्या भानगडीमुळे? मला वाटतं आपल्या टोळीतल्या एरिथमुळे. तुम्ही तिला कितीतरी तास लढवलेलं असतं, तिची लेव्हल वाढवलेली असते, तिच्यासाठी शस्त्रं घेतलेली असतात, आणि तो वरून येतो आणि संपवतो, ती पार्टीतली जागा कायमची रिकामी. तुमचं काय मत?

तिखट_शेव

भिया जबरदस्त धागा. हातातून काढून घेणं पटलं पण माझ्या यादीत सगळ्यात वर बिग स्मोक आहे आणि त्याने तर उलटं केलं, तो मला देत राहिला. जीटीए सॅन अँड्रियास आठवा, गेमचा हिरो सीजे आईच्या अंत्यविधीला घरी येतो, रिकाम्या घरात उभा आहे आणि हा बेसबॉलची बॅट घेऊन अंगावर येतो, मग ओळख पटते आणि मिठीच मारतो. गेममधली पहिली मिठी त्याची. पुढे मिशनमागून मिशन गाडीत शेजारी बसून मोठ्या भावासारखं बोलतो.

मी दुसऱ्यांदा खेळलो तेव्हा ड्राइव्ह थ्रूच्या मिशनला हात थांबला माझा. सगळे मिळून खायला जातात, तेवढ्यात शत्रू टोळी बाल्लास गोळ्या झाडत निघून जाते, आपण त्यांच्या मागे लागतो, आपले साथीदार स्वीट आणि रायडर खिडकीतून गोळ्या चालवतायत आणि स्मोक नुसता बसून खातोय. पहिल्या वेळी आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो, की बघा याला गोळीबारातही खायचं सुचतंय. तो खात होता कारण तो आतून त्यांनाच मिळालेला, त्याला समोरच्यांवर गोळी चालवायचीच नव्हती!! सगळं डोळ्यासमोर ठेवलेलं होतं आणि आपण हसून सोडून दिलं. सीजेच्या आईच्या खुनातली ग्रीन सेबर गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये दिसते तेव्हा मला राग त्याचा कमी आणि माझाच जास्त आला होता.

आणि शेवटी तो भेटतो कुठे, तर स्वतःच्या त्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकटा सोफ्यावर बसून व्हिडिओ गेम खेळतोय, अंगात बुलेटप्रूफ जॅकेट. मरताना म्हणतो की पैसा आणि पॉवरमध्ये वाहवत गेलो, आणि मी गेल्यावर सगळे माझं नाव लक्षात ठेवतील. २००४ चा गेम आहे, आपण आज इंदूरमध्ये बसून त्याचं नाव घेतोय. सीजेला त्याला मारून आनंद होत नाही, मलाही झाला नव्हता, मी कंट्रोलर ठेवून पाणी प्यायला गेलो होतो.

छप्पन_नंबर

फ्लोवी. अंडरटेल, २०१५. साधं पिवळं फूल आहे, पहिल्या दोन मिनिटांत भेटतं.

मी चुकून टोरिएलला मारलं. खूप वाईट वाटलं, तिने मला घरात घेतलं होतं, माझ्यासाठी पाय बेक केला होता. म्हणून गेम बंद केला, सेव्ह लोड केला, या वेळी तिला वाचवलं. बाहेर पडलो तर फ्लोवी उभा, आणि म्हणतो मला माहीत आहे तू काय केलंस ते, तू तिला आधी मारलं होतंस. मी खुर्चीतून उठलो होतो अक्षरशः. सेव्ह आणि लोड हे आपलं खासगी असतं ना, गेमच्या आतल्या कोणाला ते कळायला नको. नंतर कळतं की आपल्याआधी ती पॉवर त्याच्याकडे होती, त्याने आधी सगळ्यांशी चांगलं वागून पाहिलं, सगळं करून झालं, कंटाळा आला, मग मारून पाहिलं की काय होतं. मी पण तेच करणार होतो, काय होतं बघू म्हणून.

रात्रपाळी

मल्हारगंज, तुमचं म्हणणं अर्धं पटलं. काढून घेतल्याने राग येतो, मान्य, पण राग एवढा टिकत नाही हो. रेझर तुमच्या लक्षात राहिला यात त्या जिन्याखालच्या कॅफेचाही वाटा आहे. मला वाटतं खरा मोठा व्हिलन तो जो आधी आपल्याला आवडलेला असतो आणि जो बिघडताना आपण बघतो, आणि कुठल्या दिवशी बिघडला हे नेमकं सांगता येत नाही.

माझी ड्युटी रात्रीची असते, सकाळी घरी आले की तास दीड तास खेळते, रेड डेड रिडेम्पशन २ मी असा चार महिने खेळले. डच व्हॅन डर लिंड. १८९९ साल, टोळीचा म्होरक्या, त्याने आणि त्याचा जोडीदार होझियाने मिळून गेमच्या हिरोला, आर्थरला, लहानपणी लिहायला वाचायला शिकवलेलं, म्हणजे बापच तो. सुरुवातीला तो बर्फात उभा राहून सगळ्यांना धीर देतो तेव्हा मलाच बरं वाटायचं. प्लॅन आहे, थोडे पैसे हवेत, विश्वास ठेवा. हे वाक्य पहिल्यांदा ऐकताना आधार वाटतो, आणि गेम संपत येतो तेव्हा तेच वाक्य ऐकून पोटात गोळा येतो, शब्द तेच असतात हो. मध्ये ब्रॉन्टे नावाच्या शहरातल्या गुंडाला पाण्यात बुडवून मारतो, पुढे एका बेटावर एका म्हातारीचा गळा दाबतो, प्रत्येक वेळी त्याच्याकडे कारण तयार असतं. आणि मग तेलाच्या कारखान्यातला प्रसंग, आर्थर खाली पडलाय, सैनिक त्याच्यावर चालून आलाय, डच तिथे येतो, बघतो आणि वळून निघून जातो. त्याने काही केलं नाही, नुसता वळला. मी आठ नऊ वर्षं हॉस्पिटलात काम करतेय, खाटेवरच्या बापाला बघून दारातूनच परत जाणारी माणसं पाहिलीत, ती पाठ मला ओळखीची वाटली.

त्या टोळीत मायका बेल पण आहे, तो पहिल्या दिवसापासून वाईट. त्याचा राग सगळ्यांना येतो पण त्याच्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही. डचबद्दल आईशी बोलले, तिने गेमचं तोंड पाहिलेलं नाही, तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग त्या मुलाने त्याला शेवटी काय म्हटलं? मी सांगितलं की माझ्याकडे होतं ते सगळं मी तुला दिलं असं म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती.

निमाडकर

रात्रपाळी ताई, शेवट वाचून मीही थांबलो जरा.

आमचं मूळ घर बुऱ्हाणपूरकडचं. लहानपणी इंदूरहून गावी जाताना मोरटक्क्याला नर्मदेचा पूल लागला की आजी बाहेर बघून हात जोडायची, आणि असीरगड दिसायला लागला की अश्वत्थाम्याची गोष्ट सुरू. तो अजून त्या गडावरच्या शंकराला पहाटे फूल वाहून जातो, नर्मदेच्या काठाने कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. मी एकदा विचारलं, आजी त्याने तर झोपलेल्या मुलांना मारलं ना, मग तेल कशाला द्यायचं? आजी म्हणाली जखम दुखते ना त्याची.

२०१८ चा गॉड ऑफ वॉर खेळताना त्यातला व्हिलन बाल्डर दारात आला आणि मला पहिल्या मारामारीतच आजी आठवली. बाल्डरला मरण नाही. आईने, फ्रेयाने, मंत्र घालून ठेवलाय, कशानेच इजा होणार नाही, पण त्यापायी त्याला काहीच जाणवत नाही, ना चव, ना ऊन, ना थंडी, ना दुखणं. हिरो क्रॅटोसकडे तो येतो तो पाठवलेला म्हणून, पण लढताना त्याच्या डोळ्यात दिसतं की हा मला निदान दुखवेल तरी. एकाला आईच्या मायेने अमर केलं, दुसऱ्याला कृष्णाच्या शापाने, आणि दोघांनाही ते भोगायचंय.

आणि ती जागा बघा, क्रॅटोसचा मुलगा ॲट्रियस, त्याच्या भात्याच्या पट्ट्यात मिसलटो या वनस्पतीच्या बाणाचं टोक अडकवलेलं असतं, बाल्डर त्याच्या छातीवर बुक्की मारतो आणि ते टोक त्याच्याच हातात घुसतं. मंत्र तुटला. माणूस स्वतःच्या रक्ताकडे बघून आनंदाने वेडा होतो! नंतरची सगळी मारामारी तो हसत मार खातो. शेवटी क्रॅटोस त्याला सोडून देतो, तर तो आईचा गळा धरतो आणि आई धरू देते. मग क्रॅटोसला त्याची मान मोडावी लागते. तो खाली पडतो, वरून बर्फ पडत असतो, आणि त्याच्या तोंडातून शेवटचा शब्द निघतो तो बर्फ. एवढंच. इतक्या वर्षांनी अंगाला थंडी लागली त्याच्या. भागवतात द्रौपदीच म्हणते ना की अश्वत्थाम्याला मारू नका, त्याच्या आईला माझ्यासारखं रडायला लावू नका. इथे आई समोर उभी आहे आणि मारलं तरी रडतेय, नसतं मारलं तर तीच मेली असती.

मल्हारगंज

निमाडकर भिया, काय लिहिलंय. पण एक सांगू का, अश्वत्थाम्याला लहानपणी दूध म्हणून पिठाचं पाणी पाजलं ही गोष्टही आपण ऐकलेली आहे, आणि हल्लीच्या गेममध्ये प्रत्येक व्हिलनला हे पिठाचं पाणी पाजतात असं मला वाटायला लागलंय. शेवटच्या लढाईच्या अलीकडे एक फ्लॅशबॅक, लहान मुलगा, जळणारं घर, झालं कॉम्प्लेक्स. पुतण्या ज्याला स्टोरी म्हणतो ती हीच. मला त्या मुलाबद्दल दहा सेकंद वाईट वाटतं आणि मग मी त्याला मारतो आणि विसरतो.

तिखट_शेव

पिठाचं पाणी!! आता हा शब्द मी वापरणार सगळीकडे.

निमाडकर

बरोबर आहे आणि म्हणूनच पिठाचं पाणी ऐकून कुणी त्याला तेल देत नाही. त्या रात्रीच्या छावणीत तो काय करून आला हे माहीत असूनही देतात. बाल्डरचं लहानपण गेममध्ये जवळपास दाखवलेलंच नाही, त्याची जखम आत्ता समोर चालू आहे, प्रत्येक बुक्कीत दिसते. माझ्या मते फरक तिथे आहे, आधी काय झालं होतं हे कुणीतरी तोंडाने सांगणं वेगळं आणि त्याचं दुखणं लढतानाच आपल्या हाताला लागणं वेगळं.

रात्रपाळी

हे मला पूर्ण मान्य. आणि यावरून बायोशॉकचा अँड्र्यू रायन आठवला, तो राहूनच गेला होता. २००७ चा गेम, समुद्राखालचं रॅप्चर शहर त्याने उभारलेलं, राजा नको देव नको, माणसाने आपल्या कष्टाचं आपण घ्यावं असं त्याचं तत्त्व. सगळ्या गेमभर त्याचा आवाज ऐकू येतो, पोस्टर दिसतात, पुतळे दिसतात, आणि आपण खोलीत पोचतो तर तो शांतपणे गोल्फ खेळतोय. रेडिओवरचा ॲटलस पहिल्यापासून प्रत्येक काम कृपा करून कराल का अशा गोड भाषेत सांगत असतो ना, तर रायन दाखवून देतो की त्या शब्दांनीच आपल्याला चालवलंय. मग तो स्वतः तेच शब्द म्हणतो आणि गोल्फची काठी आपल्या हातात देऊन मारायला लावतो. त्या वेळी कंट्रोलर चालत नाही! मी बटणं दाबत होते थांबवायला. तो माणूस मरता मरताही सांगतोय की निवड करतो तो माणूस, आज्ञा पाळतो तो गुलाम. म्हणजे मल्हारगंज, तुमचा हातातून काढून घेण्याचा मुद्दा इथे येऊन बसतो, पण रायन काहीच नेत नाही, तो फक्त दाखवतो की हातात कधी नव्हतंच.

जुनी_इंदूर

तुम्ही सगळे माझ्या मुलांच्या वयाचे असाल. मी तुमच्यातले निम्मे गेम पाहिलेले नाहीत, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही कॉम्प्युटर शिकायला जायचो, काळा पडदा, डॉस, फ्लॉपी. सर जेवायला गेले की प्रिन्स ऑफ पर्शिया. १९८९ चा, जॉर्डन मेकनरने केलेला. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, वजीर जाफर हा व्हिलन. जाफर आठवतो तो पगडीपुरता. पण चौथ्या लेव्हलला एक आरसा वाटेत येतो, त्यातून धावत उडी मारावी लागते, आणि आपण इकडे पडतो तेव्हा आपल्यासारखाच एक काळसर माणूस उलट्या दिशेने पळून जातो. पुढे आपल्या औषधाची बाटली तोच पिऊन टाकतो. मग आपल्या तोंडावर दार बंद करतो. आमच्यात त्याला चोर म्हणायचे.

बाराव्या लेव्हलला तो तलवार घेऊन समोर येतो. मी मारलं, माझंच आयुष्य कमी झालं. परत मारलं, परत माझंच. मेलो. असं कितीतरी दिवस, आणि घड्याळ चालूच. एका मित्राने वैतागून तलवार म्यान करायचं बटण दाबलं, तर त्यानेही तलवार खाली केली. तो त्याच्याकडे चालत गेला आणि दोघं एक झाले. वर्गात सात आठ जण होतो, कुणी ओरडलं नाही, सगळे गप्प. त्या सावलीच्या तोंडी एक अक्षर नाही, मोजके ठिपके ठिपके जोडून काढलेलं चित्र. पिठाचं पाणी वगैरे काही नाही. ती माझीच सावली होती, मी आरसा फोडला तेव्हा बाहेर पडलेली.

तिखट_शेव

काका, प्रिन्सच्याच वॉरियर विदिन या पुढच्या गेममध्ये हेच परत आहे ना! २००४. आधी एका काळ्या आकृतीला दहाका नावाचा राक्षस ओढून नेतो ते आपण लांबून बघतो, सुटलो म्हणतो, आणि पुढे मुखवटा घालून आपणच ती आकृती होतो आणि त्याच जागी परत येऊन पोचतो. दहाकाचाही माझ्यावर राग नव्हता, प्रिन्स मरायला हवा होता आणि वाचला म्हणून तो मागे लागलाय, यमदूतच तो. पाण्याची भिंत ओलांडली की सुटका. माझा धाकटा भाऊ त्याच्या पाठलागाचं गाणं सुरू झालं की कानावर उशी दाबायचा.

छप्पन_नंबर

विचर ३ बद्दल कुणी बोललं नाही. एरेडिन मुख्य व्हिलन, जग जिंकायला निघालेला, आणि मला त्याचा चेहराही नीट आठवत नाही. पण गाँटर ओ'डिम, तो सुरुवातीलाच व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत भेटतो, साधा आरसे विकणारा, आपली मदत करतो आणि जातो. तोच हार्ट्स ऑफ स्टोन या जोडभागात परत येतो. एक दारुडा मध्ये बोलत राहतो तर हा टाळी वाजवून वेळ थांबवतो, लाकडी चमचा उचलतो आणि त्याच्या डोळ्यात घालतो, मग आपल्याशी बोलणं पुढे चालू. शिवी नाही, आवाज चढवणं नाही.

आणि पुण्याच्या टीमचा राजी हा गेम, २०२० चा. बाहुल्यांच्या सावल्यांनी गोष्ट सांगितलीय, दुर्गा आणि विष्णू बोलतात, मी अभिमानाने सगळ्या मित्रांना दाखवला. पण त्यातला व्हिलन महाबलासुर डोक्यात राहतच नाही. आपल्याकडे एवढे असुर पडलेत, ज्यांनी तप केलं, वर मागितला, वर मागताना एक फट राहून गेली. त्यांच्यातला एखादा मला खेळताना भेटायला हवाय.

मल्हारगंज

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. जुनी इंदूर काका, तुमची पोस्ट मी घरात मोठ्याने वाचून दाखवली.

काल रात्री जुन्या लॅपटॉपवर पुतण्याला मोस्ट वाँटेड लावून दिला. काही सांगितलं नाही, गाडी जाणार हेही नाही. ग्राफिक्स बघून आधी हसला, मग दोन वळणं घेतल्यावर हसायचा थांबला. रेझरशी रेस आली, मी मागे खाटेवर बसून बघत होतो. गाडी मंद झाली तेव्हा त्याने अप सोडून परत दाबलं. मग अजून जोरात दाबलं. लॅपटॉपची चार्जिंगची पिन नीट आहे का ते पाहिलं. काका हँग झाला बहुतेक, म्हणाला.

मी म्हटलं हँग नाही झाला.

पोलीस आले, गाडी गेली. तो थोडा वेळ तसाच बसला, मग पुंटो घेतली, झोपायला साडेबारा केले. आज सकाळी मी दूध आणायला निघालो तर अंथरुणातूनच विचारतोय, काका, रोज दोघं हरवले तर रेझरपर्यंत पोचायला किती दिवस लागतील?